सिलिअ‍ॅक हा फक्त लहान आतड्याचा आजार आहे का? तोंडापासून गुदाशयापर्यंत इम्युन सिस्टिम नक्की काय करते

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. चार वर्षांपूर्वी सिलिअ‍ॅक (ग्लुटेनमुळे इम्युन सिस्टिम आतड्याच्या अस्तरावरच उलटते तो आजार) विचारणाऱ्याला निघाला, ग्लुटेन तेव्हापासून बंद, टीटीजी (या आजाराची रक्तातली अँटिबॉडी टेस्ट) आता नॉर्मल आलंय, तरी अधूनमधून तोंडात फोड येतात आणि गेल्या सहा महिन्यांपासून पाण्यासारखे जुलाब होतायत, तेही रात्री झोपेतून उठवणारे. डॉक्टर कोलोनोस्कोपी करू म्हणतायत. विचारणाऱ्याचं म्हणणं असं की आजार तर लहान आतड्याचा आहे, मग मोठ्या आतड्यात बघून काय मिळणार, आणि टीटीजी नॉर्मल आहे म्हणजे इम्युन सिस्टिम शांत झालीच की.

कोलोनोस्कोपी करून घ्या. आणि आतून सगळं छान गुलाबी दिसलं तरी बायोप्सी घ्यायलाच सांगा. हे असं का म्हणतेय ते समजायला सिलिअ‍ॅककडे बघायची पद्धतच जरा बदलावी लागेल, म्हणून मोठं लिहितेय. मी गेली वीसेक वर्षं पोटाच्या विकारांचे पेशंट बघते, एन्डोस्कोपी करते, आणि या आजाराबद्दलचा सगळ्यात जास्त दिसणारा गैरसमज हाच आहे, की लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वीतभर भागात काहीतरी बिघडलंय, तेवढं भरून आलं की विषय संपला. खराबी तिथे जास्त दिसते हे खरं. पण ती खराबी करणाऱ्या पेशी पूर्ण पचनमार्गात बसलेल्या असतात, आणि ग्लुटेन बंद केल्यावर त्या शांत होतात, निघून जात नाहीत.

सुरुवात ग्लुटेनपासून. गहू, बार्ली, राई यातलं हे प्रोटीन विचित्र आहे, त्यात प्रोलीन आणि ग्लुटामीन ही दोन अमिनो आम्लं खच्चून भरलेली असतात आणि आपली पचनाची एन्झाइम प्रोलीनच्या आसपास नीट कापूच शकत नाहीत. त्यामुळे जठरातलं पेप्सिन झालं, स्वादुपिंडाचे रस झाले, तरी काही लांब तुकडे तसेच्या तसे शिल्लक राहतात. २००२ मध्ये यातला ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा शोधला गेला जो आपल्या पाचक एन्झाइमनी तुटत नाही, आणि नेमका त्याच तुकड्यात इम्युन सिस्टिमला भडकवणाऱ्या जागा एकावर एक रचलेल्या आहेत. हे असं अपुरं पचन सगळ्यांच्याच पोटात होतं बरं का, सिलिअ‍ॅक असो वा नसो. बाकीच्यांना त्याचं काही होत नाही, कारण त्यांची इम्युन सिस्टिम अन्नाला अन्न म्हणून सोडून देते.

आतड्याच्या अस्तराखाली एक थर असतो, लॅमिना प्रोप्रिया म्हणतात त्याला, तिथे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एन्झाइम असतं. तेच ते टीटीजी ज्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडीची टेस्ट तुम्ही करता. याचं रोजचं काम जखम भरताना प्रोटीन एकमेकांना जोडण्याचं. पण ग्लुटेनचा तुकडा समोर आला की ते त्यातल्या ग्लुटामीनचं ग्लुटामिक आम्ल करून टाकतं, म्हणजे त्या तुकड्यावर निगेटिव्ह चार्ज येतो. आणि असा चार्जवाला तुकडा एचएलए डीक्यू२ किंवा डीक्यू८ या रेणूंच्या (पेशी ज्यात तुकडे ठेवून टी सेलना दाखवतात) खाचेत घट्ट बसतो. सिलिअ‍ॅक असलेल्या जवळजवळ सगळ्यांकडे या दोनपैकी एक असतोच, बहुतेकांकडे डीक्यू२. पण लक्षात घ्या, या रेणूंचे जीन्स लोकसंख्येत ३० ते ४० टक्के लोकांकडे असतात आणि आजार साधारण १ टक्क्याला होतो. म्हणून जीन टेस्ट पॉझिटिव्ह आली की सिलिअ‍ॅक आहे असं होत नाही, निगेटिव्ह आली तर मात्र जवळपास नाहीच असं म्हणता येतं. बाकीच्यांना का होत नाही याचं एक अंग म्हणजे आतड्यातले व्हायरस, २०१७ मध्ये रिओव्हायरसवर झालेल्या कामात दिसलं की एरवी निरुपद्रवी वाटणारं इन्फेक्शनही अन्नाबद्दलची सहनशीलता मोडू शकतं.

त्या खाचेत बसलेला तुकडा सीडी४ टी सेल (इम्युन सिस्टिमच्या पांढऱ्या पेशी) बघतात, आणि इथून आजार खऱ्या अर्थाने सुरू होतो. या सेल इंटरफेरॉन गॅमा आणि आयएल-२१ सारखे सिग्नल सोडतात. त्याने दोन गोष्टी होतात. एकीकडे बी सेलना मदत मिळते आणि अँटिबॉडी बनायला लागतात, त्या ग्लुटेनविरुद्ध तर असतातच पण टीटीजीविरुद्धही असतात, कारण टीटीजी आणि ग्लुटेन एकमेकांना चिकटलेले असतात आणि टीटीजी ओळखणारी बी सेल दोघांना एकदम गिळते, ग्लुटेनचा तुकडा टी सेलला दाखवते आणि मदत मिळवते. म्हणूनच ग्लुटेन बंद केलं की टीटीजीविरुद्धच्या अँटिबॉडीही उतरतात, हे बाकीच्या ऑटोइम्युन आजारांत सहसा बघायला मिळत नाही.

दुसरीकडे, आणि मला विचाराल तर नुकसानाच्या दृष्टीने हेच जास्त महत्त्वाचं, अस्तराच्या पेशींच्या मधोमध बसलेले लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जागे होतात. यांना आम्ही आयईएल म्हणतो. निरोगी ड्युओडिनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, अस्तराच्या १०० पेशींमागे हे २५ पेक्षा कमी असतात, सिलिअ‍ॅकमध्ये ही संख्या वाढते, कधीकधी दुप्पट तिप्पट. अस्तराच्या पेशी त्रासात असल्या की आयएल-१५ नावाचा सिग्नल सोडतात आणि स्वतःच्या अंगावर धोक्याच्या खुणा चढवतात, आयएल-१५ मुळे चेकाळलेले हे लिम्फोसाइट त्या खुणा बघतात आणि थेट त्या पेशीला मारतात. बघा म्हणजे, ग्लुटेन राहिलं बाजूला आणि मार खातंय आपलंच अस्तर, चोर सोडून संन्याशाला सुळी. एकट्या सीडी४ सेलने व्हिलाय (अस्तरावरचे बोटांसारखे बारीक उंचवटे) सपाट होत नाहीत आणि एकट्या आयईएलनेही नाही, दोघांची जोडी जमावी लागते. यामुळेच काही लोकांमध्ये अँटिबॉडी पॉझिटिव्ह असतात पण व्हिलाय शाबूत असतात.

अजून एक गोष्ट मला नेहमी सांगाविशी वाटते. आतड्यात आयजीए नावाची अँटिबॉडी राखण करते, नको त्या गोष्टींना आतड्याच्या पोकळीतच अडवून ठेवते. पण सक्रिय सिलिअ‍ॅकमध्ये अस्तराच्या पेशींच्या वरच्या बाजूला एक रिसेप्टर येतो, सीडी७१, जो एरवी लोहासाठी असतो, आणि तो आयजीएला चिकटलेलं ग्लुटेन पकडून पेशीतून पार करून खालच्या थरात सुखरूप पोचवतो, मधे तोडफोड न होता. कुंपणानेच शेत खावं असा प्रकार. आणि पेशींमधले सांधेही सैल झालेले असतात, त्यामुळे आत जायला वाटा अनेक.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. ड्युओडिनममध्ये भडकलेल्या टी सेल तिथेच राहतात का? नाही राहत. त्या लिम्फ नोडमध्ये जातात, तिथून रक्तात, आणि त्यांच्या अंगावर अल्फा४ बीटा७ नावाचा एक रेणू असतो, त्याला पत्ता समजा, आणि तो पत्ता असतो "आतडं" एवढाच. ड्युओडिनमचा दुसरा भाग, डावीकडचं वळण, असा बारीक पत्ता त्यावर नसतो. हे रक्तात दाखवताही येतं. ग्लुटेन बंद असलेल्या पेशंटनी तीन दिवस ग्लुटेन खाल्लं तर सहाव्या दिवसाच्या आसपास त्यांच्या रक्तात ग्लुटेन ओळखणाऱ्या टी सेल सापडतात, आतड्याकडे निघालेल्या. म्हणजे एका जागी शिकलेली गोष्ट पूर्ण आतड्यात पसरते.

याचा सगळ्यात सरळ पुरावा गुदाशयातून मिळालाय. १९९० च्या आसपास काही संशोधकांनी सिलिअ‍ॅक पेशंटच्या गुदाशयात, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला, थेट ग्लुटेन सोडलं आणि काही तासांनी बायोप्सी घेतल्या. तिथेही आयईएल वाढले. जिथे एरवी ग्लुटेन फार थोडंच पोचतं तिथे! म्हणजे गुदाशयाचं अस्तरही ग्लुटेन ओळखायला तयारच बसलेलं होतं, फक्त त्याच्यापर्यंत ते पुरेसं पोचत नव्हतं. मी शिकत असताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून सिलिअ‍ॅकला लहान आतड्याचा आजार म्हणणं मला जीवावर येतं. ड्युओडिनम सगळ्यात जास्त जळतो कारण न पचलेलं ग्लुटेन सगळ्यात आधी आणि सगळ्यात दाट तिथे येऊन पडतं. जसजसं खाली जावं तसतसं ते तुटत, पातळ होत जातं, आणि त्याप्रमाणे खराबीही कमी होत जाते. खाली आजार नाही असं नाही, खाली डोस कमी पडतो.

आता वरून खाली येऊ.

तोंड. दातांच्या इनॅमलवर दोन्ही बाजूंना सारख्याच दातांवर खाचा, पट्टे किंवा खडबडीतपणा असेल तर तो लहानपणी दात तयार होत असताना आजार सक्रिय होता याची खूण असू शकते. तो नंतर ग्लुटेन बंद करून भरून येत नाही कारण इनॅमल एकदाच बनतं. मोठेपणी सुरू झालेल्या सिलिअ‍ॅकमध्ये हे दिसणार नाही. तोंडातले फोड ही वेगळी गोष्ट. ते सिलिअ‍ॅकमध्ये जास्त येतात, ग्लुटेन बंद केल्यावर बऱ्याच जणांचे कमी होतात, काही वेळा त्यामागे लोह, फोलेट किंवा बी१२ ची कमतरता असते. तुमचे चार वर्षांनीही येतायत म्हणजे या तीन गोष्टी रक्तात तपासल्या आहेत का हे आधी बघा. तिन्ही चांगल्या असतील तर माझ्या मनात येतं की थोडं ग्लुटेन कुठूनतरी जातंय. आणि दोन्ही नसेल तर लक्षात असू द्या की तोंडातले फोड सिलिअ‍ॅक नसलेल्या लोकांनाही भरपूर येतात, प्रत्येक गोष्ट याच्या माथी मारू नये.

अन्ननलिकेबद्दल फार लिहीत नाही. उपचार न घेतलेल्या पेशंटना छातीत जळजळ बरीच असते आणि ग्लुटेन बंद केल्यावर ती कमी होते, इतकं पुरे.

जठर. इथे लिम्फोसाइटिक गॅस्ट्रायटिस म्हणून एक प्रकार दिसतो, जठराच्या अस्तरातही तेच आयईएल दाटीवाटीने बसलेले, १०० पेशींमागे २५ च्या वर. हेलिकोबॅक्टर पायलोरीमुळेही असं दिसू शकतं म्हणून तो आधी बघायचा. पण एखाद्याच्या जठराच्या बायोप्सीत हे दिसलं आणि पायलोरी नाही, तर मी ड्युओडिनमची बायोप्सी आणि टीटीजी केल्याशिवाय त्या पेशंटला सोडत नाही. कितीतरी वेळा सिलिअ‍ॅक असाच, ध्यानीमनी नसताना, अ‍ॅसिडिटीच्या तक्रारीतून सापडलाय. ग्लुटेन बंद केलं की जठरातले हे लिम्फोसाइटही हळूहळू उतरतात, यावरून कळतं की तेही त्याच भांडणाचा भाग होते.

मग ड्युओडिनम. इथे थोडं थांबते कारण निदान इथेच होतं आणि चुकाही इथेच होतात. पहिली पायरी म्हणजे नुसते आयईएल वाढणं, व्हिलाय उभे. दुसरी म्हणजे क्रिप्ट (व्हिलायच्या मुळाशी असलेले खड्डे, जिथे नवीन पेशी बनतात) लांब होणं, मरणाऱ्या पेशींची भरपाई करायला आतडं घाईघाईने नवीन पेशी बनवत असतं. तिसरी म्हणजे व्हिलाय आखूड होत होत सपाट होणं. १९९२ मध्ये मार्श यांनी ही पायऱ्यांची मांडणी केली म्हणून रिपोर्टवर मार्श १, २, ३ असं लिहिलेलं असतं आणि ३ चे पुढे ए, बी, सी असे भाग. पहिली पायरी एकटी दिसली तर घाई करायची नाही, कारण आयईएल पायलोरीने वाढतात, वेदनाशामक गोळ्यांनी वाढतात, इन्फेक्शननंतर वाढतात, इतर ऑटोइम्युन आजारांतही वाढतात. हा आजार ठिपक्याठिपक्यांनी असतो, एका तुकड्यात सपाट तर शेजारच्यात ठीक, आणि काहींमध्ये तर फक्त ड्युओडिनमच्या सुरुवातीच्या फुगीर भागात, बल्बमध्येच दिसतो. म्हणून दुसऱ्या भागातून कमीत कमी चार आणि बल्बमधून एक-दोन तुकडे घ्यायचे असतात. एखाद-दुसरा तुकडा घेऊन "नॉर्मल" असा रिपोर्ट आलेला असेल तर त्या नॉर्मलवर माझा विश्वास नसतो, हे मी पेशंटसमोर स्पष्ट बोलते.

इथल्या खराबीचे परिणाम लांबवर जातात. लोह मुख्यतः ड्युओडिनममध्ये शोषलं जातं म्हणून गोळ्यांना दाद न देणारा अ‍ॅनिमिया हे कित्येकांचं एकमेव लक्षण. लॅक्टेज हे दूध पचवणारं एन्झाइम व्हिलायच्या अगदी टोकाला असतं, टोकंच गेली की दूध पचेनासं होतं आणि व्हिलाय परत आले की बऱ्याचदा परत पचायला लागतं. आणि एक गोष्ट जी पेशंटला कोणी सांगत नाही, ड्युओडिनमच्या अस्तरातून एक हॉर्मोन सुटतो, कोलिसिस्टोकायनिन, जो पित्ताशयाला आकुंचन पाव आणि स्वादुपिंडाला रस सोड असं सांगतो. अस्तर खराब असेल तर हा निरोपच जात नाही, मग स्वादुपिंड स्वतः धडधाकट असूनही चरबी पचत नाही. ग्लुटेन बंद करूनही जुलाब राहिलेत त्यांच्यात हे एक कारण असतं आणि त्याला एन्झाइमच्या कॅप्सूल देऊन चांगला फरक पडतो.

जेजुनम आणि इलियम, म्हणजे लहान आतड्याचा मधला आणि शेवटचा भाग. जेजुनममध्ये ड्युओडिनमसारखंच पण बहुधा सौम्य. इलियमपर्यंत ग्लुटेन फारसं पोचत नाही आणि शोषणाची वरची कमी काही अंशी इलियम भरून काढतं, यामुळेच निम्मं आतडं सपाट असूनही काही माणसं वरवर ठणठणीत दिसतात. यांना जुलाब नाहीत, वजन कमी नाही, म्हणून वर्षानुवर्षं कोणाला शंकाही येत नाही.

मोठं आतडं, तुमचा प्रश्न. मायक्रोस्कोपिक कोलायटिस नावाचा एक आजार आहे. नावातच आहे, तो डोळ्यांना दिसत नाही, मायक्रोस्कोपखालीच दिसतो. यात मोठ्या आतड्याच्या अस्तरात लिम्फोसाइट वाढतात, १०० पेशींमागे २० च्या वर, किंवा अस्तराखाली कोलॅजनचा जाड पट्टा तयार होतो. लक्षण नेमकं तुमचं, पाण्यासारखे जुलाब, रक्त नाही, आणि रात्रीही उठवणारे. सिलिअ‍ॅक असणाऱ्यांमध्ये हा इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त सापडतो. लिम्फोसाइटची दाटी बघितली तर ड्युओडिनममधल्या चित्राचा सख्खा भाऊ वाटावा असं चित्र असतं, आणि डीक्यू२ चा संबंध इथेही आहे. पण उपचार वेगळा, नुसतं ग्लुटेन बंद ठेवून हा बरा होईलच असं नाही, म्हणून वेगळा शोधावा लागतो. बुडेसोनाइड नावाचं स्टिरॉइड, जे आतड्यातच काम करतं आणि शरीरात फार कमी पोचतं, त्याने चांगला आराम पडतो. काही औषधांशीही याचा संबंध दिसतो, वेदनाशामक गोळ्या, अ‍ॅसिड कमी करणारी प्राझोल गटातली औषधं, नैराश्यावरची काही औषधं, तर तुम्ही यातलं काही घेत असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. फक्त ते स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पचनमार्गाला लागून असलेल्या अवयवांबद्दल दोन शब्द. लिव्हरची एन्झाइम थोडी वाढलेली असणं सिलिअ‍ॅकमध्ये खूप कॉमन आहे आणि ग्लुटेन बंद केल्यावर बहुतेकांची खाली येतात. आणि स्प्लीन, प्लीहा. काही प्रौढ पेशंटमध्ये ती नीट काम करेनाशी होते, विशेषतः निदान उशिरा झालं असेल तर, आणि स्प्लीन रक्तातले न्यूमोकॉकससारखे जंतू गाळून काढते. त्यामुळे न्यूमोकॉकसची लस घेतली आहे का हे मी प्रत्येक प्रौढ सिलिअ‍ॅक पेशंटला विचारते. इम्युन सिस्टिम एका बाजूला नको तिथे भांडतेय आणि दुसऱ्या बाजूला हवी तिथे कमी पडतेय, दोन्ही एकाच माणसात.

आता टीटीजी नॉर्मल म्हणजे सगळं शांत, या समजाकडे येते. ग्लुटेन बंद केलं की हा आजार शांत होतो हे दाखवलं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी, १९५० मध्ये त्यांचा प्रबंध आला. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात ब्रेड मिळत नव्हता तेव्हा वॉर्डातल्या या आजाराच्या मुलांची तब्येत उलट सुधारली आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा बिघडली, या निरीक्षणाने त्यांचा आधीपासूनचा संशय पक्का झाला. पंचाहत्तर वर्षं होऊन गेली तरी पहिला उपचार आजही तोच आहे. पण तो आग विझवतो, ज्याने आग लावली त्याला घरातून काढत नाही. ग्लुटेन ओळखणाऱ्या मेमरी टी सेल वर्षानुवर्षं तशाच राहतात. आयईएलमधला एक प्रकार, गॅमा डेल्टा, सिलिअ‍ॅकमध्ये वाढतो तो व्हिलाय पूर्ण भरून आल्यावरही बहुधा वाढलेलाच राहतो. आणि चार-पाच वर्षं काटेकोर पथ्य पाळलेल्या माणसाने एकदा भरपूर ग्लुटेन खाल्लं तर एक-दोन तासांत मळमळ, उलटी सुरू होऊ शकते, रक्तात आयएल-२ हा टी सेलचा सिग्नल काही तासांत उसळी मारतो आणि चौथ्या तासाच्या आसपास शिखराला असतो. इतक्या वर्षांनी इतक्या पटकन. म्हणून "आता बरा झालोय, थोडं खाऊन बघतो" असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा मला खरंच काळजी वाटते. त्रास झाला नाही म्हणजे नुकसान झालं नाही असंही नाही, काही लोकांना काहीच जाणवत नाही आणि आत व्हिलाय झिजत असतात.

व्हिलाय भरायला प्रौढांमध्ये लोकांना वाटतं त्याहून फार जास्त वेळ लागतो. पथ्य सुरू केल्यावर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश आणि पाच वर्षांनी दोन तृतीयांश प्रौढांचं अस्तर पूर्ण भरलेलं सापडलंय. मुलांचं लवकर भरतं. आणि टीटीजी याबद्दल नीट सांगत नाही, ज्यांचे व्हिलाय अजून खराब आहेत अशांपैकी जवळपास निम्म्यांची टीटीजी नॉर्मल येते. टीटीजी वाढलेली असेल तर ग्लुटेन जातंय असं समजायला जागा आहे, नॉर्मल असेल तर फक्त भरपूर ग्लुटेन जात नाहीये एवढंच. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने गेलं तरी अस्तराला इजा होते हे २००७ च्या एका नीट केलेल्या अभ्यासात दिसलं, आणि ५० मिलिग्रॅम म्हणजे चिमटीत मावेल इतकं पीठ. ग्लुटेन-फ्री लेबलची मर्यादा एका किलोत २० मिलिग्रॅम अशी ठरवली आहे ती यामुळेच. आता लघवी किंवा शौचात ग्लुटेनचे तुकडे शोधायच्या टेस्टही आहेत, जिथे मिळतात तिथे उपयोगी पडतात, कारण पेशंट खोटं बोलत नसतो, त्याला माहीतच नसतं. एकच तळणीचं तेल, गहू दळलेल्या चक्कीवरच दळलेलं दुसरं धान्य, औषधाच्या गोळीतलं स्टार्च, सॉस, हे सगळं बघावं लागतं. ओट्स बहुतेकांना चालतात पण गव्हात न मिसळलेले हवेत, आणि थोड्या लोकांच्या टी सेल ओट्सवरही भडकतात.

ग्लुटेन खरोखर शून्य आहे, वर्ष उलटून गेलंय आणि तरीही व्हिलाय सपाट आणि लक्षणं चालू, अशी अगदी थोडी माणसं असतात, त्याला रिफ्रॅक्टरी सिलिअ‍ॅक म्हणतात. त्यातल्या दुसऱ्या प्रकारात आयईएलच बदललेले असतात, त्यांच्या पृष्ठभागावरचे सीडी३ सीडी८ नाहीसे होतात, त्यांना आता भडकायला ग्लुटेन लागतच नाही, आयएल-१५ वरच ते जगतात, आणि त्यातून लिम्फोमा (लिम्फोसाइटचा कॅन्सर) होऊ शकतो. हे घाबरवायला लिहीत नाहीये, हे फार क्वचित दिसतं आणि मुख्यतः पन्नाशीनंतर निदान झालेल्यांमध्ये. पण वजन उतरतंय, ताप येतोय, पोट दुखतंय, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) कमी झालंय, असं असेल तर थांबायचं नाही.

औषधांचं विचारतात म्हणून लिहिते. टीटीजी एन्झाइमलाच अडवणारी एक गोळी २०२१ मध्ये दुसऱ्या टप्प्याच्या ट्रायलमध्ये चांगली निघाली, रोज थोडं ग्लुटेन खाल्लेल्या लोकांचं अस्तर तिने बऱ्यापैकी वाचवलं. पेशींमधले सांधे घट्ट करणाऱ्या एका औषधाची मोठी ट्रायल मात्र २०२२ मध्ये थांबवली गेली, आणि ग्लुटेनची सहनशीलता परत शिकवणारी एक लसही २०१९ मध्ये अपयशी ठरली. म्हणजे सध्यातरी पथ्यच.

तर तुमच्यासाठी मी कोणत्या क्रमाने जाईन. पहिलं, आहारतज्ज्ञाबरोबर बसून गेल्या महिन्याभरात तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट, औषधांसकट. सोबत रक्तात लोह, फोलेट, बी१२, अल्ब्युमिन, थायरॉइड, आणि चार वर्षांपूर्वी एकूण आयजीए तपासलं होतं का तेही बघा, कारण सिलिअ‍ॅकमध्ये दोन-तीन टक्के लोकांना आयजीए बनतच नाही आणि त्यांची टीटीजी-आयजीए कायमच नॉर्मल येणार. शौचाची इलास्टेज टेस्ट, स्वादुपिंडासाठी. मग एकाच दिवशी वरून एन्डोस्कोपी आणि खालून कोलोनोस्कोपी, ड्युओडिनम, बल्ब आणि जठर तिन्हीकडून तुकडे. मोठ्या आतड्यात उजव्या आणि डाव्या दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या बाटल्यांत तुकडे घ्यायला सांगा, फक्त गुदाशयातून घेतले तर कोलॅजनचा पट्टा निसटू शकतो. आणि चार वर्षांपूर्वीच्या ड्युओडिनमच्या स्लाइड जिथे असतील तिथून मागवून नवीन स्लाइडच्या शेजारी ठेवून एकाच पॅथॉलॉजिस्टकडून वाचून घ्या. नुसता जुना रिपोर्ट दाखवून काम होत नाही, मार्श ३ए आणि ३बी मधला फरक वाचणाऱ्यागणिक बदलतो, आणि तुमचं आतडं चार वर्षांत कुठून कुठे आलंय ते दोन्ही स्लाइड एकत्र बघितल्यावरच कळेल.